चाकसूचा आवळा आणि तुझी सुपारी

जयपूर,
जानेवारी २००४

ती. इंदुमतीआत्यास विनयचा शिरसाष्टांग नमस्कार. थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही निम्मा दिवस रजईतच काढतो. तू पाठवलेला आवळासुपारीचा डबा पोचला आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

तुला ठाऊकच आहे, मी इथल्या झालाना भागातल्या प्रयोगशाळेत औषधी फळं तपासतो. फळाचा अर्क काचपट्टीवर लावून ती द्रावणात उभी करायची, की त्यातलं एकेक द्रव्य सावकाश वर चढतं. मग फवारा मारला की ठिपके उमटतात. (पाठीवर ऊन, खिडकीबाहेर जंगलातले मोर. अशा वेळी माणूस जागा असतो असं छातीठोकपणे सांगवत नाही.)

त्या दुपारी चाकसू गावचे बागाईतदार नंदकिशोरजी आपला सुकवलेला आवळा घेऊन आले होते. औषध कारखान्याने त्यांचा गाडीभर माल घ्यायचा की परत धाडायचा, हे आमच्या शेऱ्यावर. मी तो एका वाटीत काढला, शेजारच्या वाटीत जेवणानंतरची तुझी सुपारी. पट्टीवर आवळ्याचा ठिपका इतका फिका आला, की मी ‘भेसळ’ लिहून मोकळा झालो. नंदकिशोरजी एवढंच म्हणाले, “साब, पेड में मिलावट कैसे करूँ?” मला फार वाईट वाटलं, पण शेरा बदलला नाही. (शास्त्र म्हणजे शास्त्र.)

मन रमवायला सुपारी तोंडात टाकली. तुरट लागली. वर पाणी प्यायलो, तर ते गोड! त्या गोडव्यात मी बराच वेळ तरंगत होतो, मग दचकलो. आवळ्यावर पाणी गोड लागतं हे शेंबडं पोरही जाणतं, पण तुझ्या सुपारीवर जन्मात कधी लागलं नव्हतं. मतलब, त्यांचा आवळा माझ्या पोटात आणि तुझी सुपारी पट्टीवर!

आता प्रयोगशाळेच्या साहेबांना खरं सांगायचं, तर सुपारी कोणाची तेही सांगणं आलं. घराण्यात आजवर सगळ्यांना औषध म्हणून चारलेल्या सुपारीत आवळा नावालाच आहे, हे कोणत्या तोंडाने सांगू? तरी त्या भल्या माणसासाठी तुझी परवानगी मागतो.

तुझा,
विनय

ता. क. परवानगीसाठी थांबवेना, सांगून आलो. साहेब नको नको ते बोलले, पण फेरतपासणीत माल पास झाला.

आणखी ता. क. नंदकिशोरजींकडून अस्सल आवळा विकत आणून तुझ्या सूनबाईने, प्रणिताने, सुपारी केली. आमच्या चिरंजीवांनी, अर्णवने, थुंकून टाकली, साहेबांनी डबा परत केला. तेव्हा आत्या, तू आवळ्याऐवजी जे काय घालतेस ते गुपचूप कळव. तपासणार नाही, नुसतं खाईन.