कडेचे नऊ मिलिमीटर

प्रिय बबडे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. तो तिच्यापेक्षा कमीच कुरकुरतो असं मी म्हणालो, तर दोन दिवस माझा चहा मलाच करून घ्यावा लागला. गेल्या महिन्यात मी फोनवर म्हणालो की सुट्टीत पिटुकलीला आठ दिवस आमच्याकडे पाठव. तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या घरात पाच वर्षांच्या मुलीनं हात लावावा असं आहे काय?" मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवल्यावर मात्र घरभर नजर फिरवली. पुठ्ठे, खळीचं पातेलं, दाभण, पाती आणि गिऱ्हाइकांची पुस्तकं. तू विचार करून सांगते म्हणालीस, ते बरोबरच होतं.

तिला हल्ली कॉमिक्सचं वेड लागलंय, अक्षरं येत नसली तरी तासन्‌तास चित्रं बघत बसते, हेही तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी ठरवलं की घरात जमत नसेल तर लहान मुलांना खरोखर बसू देणारं कॉमिक्सचं दुकान शोधायचं. सातवीत शाळा सुटली माझी, पण काम अर्धवट सोडायची सवय नाही. पुस्तक बांधायला मी कुणा उस्तादाकडे शिकलो नाही, जुनी पुस्तकं उसवून उसवून शिकलो, हे तुला शंभरदा सांगून झालंय. दुकानांनाही तेच लागू केलं. वही घातली, रकाने आखले. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून किती उंच, त्यात काय ठेवलंय, बसायला काय, मोरी कुठे, दाराची कडी मुलाच्या हाताला येते का, आणि मालक किती वेळात "हात लावू नका" म्हणतो. तुझी आई म्हणाली, हे घर घेताना तुम्ही एवढं काही मोजलं नव्हतंत, म्हणून तर न्हाणीघराचं दार अजून अर्धंच उघडतं.

पहिल्या दुकानात प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. मालक पांढरे हातमोजे घालून दाखवत होता. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. मी दुकान काढलं असतं तर अगदी असंच काढलं असतं, आणि नेमकं म्हणूनच त्यावर काट मारली. दुसऱ्या दुकानात पंचविशीतली दाढीवाली पोरं टेबलाभोवती पत्ते खेळत होती. खालच्या कप्प्यात, बरोबर पिटुकलीच्या नजरेसमोर, चिरफाड आणि रक्त. तिथला मालक मात्र सरळ माणूस निघाला. मी विचारायच्या आतच म्हणाला, काका, नातीला इथे नका आणू, रात्री तुम्हालाच जागावं लागेल. तिसऱ्यात मुलांचा कोपरा होता, छोट्या रंगीत खुर्च्या होत्या, पण खुर्च्यांवर बाहुल्या बसवलेल्या आणि त्यांना उठवायची परवानगी नाही. चौथं चांगलं होतं, पण बावीस उभ्या पायऱ्या आणि डाव्या बाजूला कठडा नाही.

पाचवं दुकान शिंप्याच्या आणि चष्मेवाल्याच्या मधे आहे. बाहेरून बघितलं तर आत काही असेल असं वाटत नाही. आत गेलो तर खालचा कप्पा जमिनीपासून फक्त बारा सेंटिमीटरवर, आणि त्यात अंक उभे नाहीत, मुखपृष्ठ वर करून आडवे मांडलेले, कारण ज्याला वाचता येत नाही तो चित्र बघूनच निवडणार. दाराची कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर, म्हणजे मूल परस्पर रस्त्यावर जाणार नाही. मोरीत पायाखाली घ्यायला लाकडी पाट. एक तीन वर्षांचं बाळ एका अंकाचा कोपरा मन लावून चोखत होतं आणि दुकानवाल्या बाई ते बघून न बघितल्यासारखं करत होत्या. मी पट्टी काढल्यावर मात्र त्यांनी विचारलं की तुम्ही नगरपालिकेचे का. मी वही दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, वीस वर्षांत दाराची कडी मोजणारे तुम्ही पहिलेच. माझी छाती किती फुगली असेल ते तुला सांगायला नको.

मी तिथे दर शनिवारी जायला लागलो. आधी खात्री करायला, मग नुसताच. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी आहे, फाटलेल्या अंकांची. ज्यांचे हात अजून पानाला सरावलेले नाहीत त्या मुलांनी त्यातले घ्यायचे, फाटलं तरी कुणी रागवत नाही. मला ते बघवेना. म्हणालो, सगळे द्या, पक्की शिवण घालतो, कडा कापून एकसारख्या करतो, कापडी पुठ्ठा चढवतो, पैसे नकोत. बाईंनी माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला. म्हणाल्या, शिवा हवं तर, पण कापायचं नाही हं. आणि एक अंक उघडून माझ्यासमोर धरला. समासात सगळीकडे मुलांनी काहीबाही काढलेलं. सूर्य, मासे, पायच पाय. शेजारी उभी असलेली चार वर्षांची एक मुलगी माझ्या गुडघ्यावर कोपर टेकून वाकली, जणू मी दुकानातलं टेबलच, आणि एका पानाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाली, "ही मी." मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही कुठल्या पानावर आहात?"

मी म्हणालो, मी नाही कुठे. तिला ते काही पटलं नाही. तिने उरलेली सगळी पानं उलटून बघितली.

त्या दिवशी घरी येऊन मी कपाटावरून तुझा तो ग्रंथ काढला. तू नव्या घरी जाताना बाकी सगळं नेलंस, तो ठेवून गेलीस. तुझ्या दहाव्या वाढदिवसाचा, तुझ्याच कॉमिक्सच्या तेवीस अंकांचा, मी लाल कापडात बांधलेला, पाठीवर तुझ्या नावाची सोनेरी अक्षरं. आजही शिवण जरासुद्धा ढिली नाही. तो हातात दिला तेव्हा तू दोन पानं उलटलीस आणि अशी रडायला लागलीस की तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. तुझं कुत्रं गेलं होतं. प्रत्येक पानाच्या खालच्या समासात तू पेन्सिलीने काढलेलं, गोष्टीतल्या माणसांच्या मागेमागे धावणारं. मी सांगितलं की मशीनवर गठ्ठा पालथा होता, मला दिसलंच नाही, चुकून कापलं गेलं. तुझी आई म्हणाली, असू दे गं, बाबांनी मुद्दाम केलंय का. तू डोळे पुसलेस आणि मला "छान झालंय" म्हणालीस. दहा वर्षांच्या मुलीने माझी समजूत काढली. परवा सगळी पानं पाहिली. एकावर दोन कान शिल्लक आहेत. एकावर शेपटीचं टोक. बाकी कडा अगदी सुतात.

हे फोनवर सांगायला गेलो असतो तर तू "जाऊ द्या हो बाबा" म्हणाली असतीस आणि मी ताबडतोब जाऊ दिलं असतं. म्हणून लिहितोय. बबडे, गठ्ठा पालथा नव्हता. मी प्रत्येक पान उलटून पाहिलं होतं आणि ते कुत्रं मला दिसलं होतं. कुठलंही पुस्तक कापताना मी पातं तीन मिलिमीटर आत घेतो. तुझ्या पुस्तकाला नऊ घेतलं, कारण इतक्या देखण्या बांधणीत पोरीच्या रेघोट्या बऱ्या दिसणार नाहीत असं मला वाटलं. हे कळल्याशिवाय तू तुझी मुलगी माझ्या भरवशावर पाठवावीस, हे मला बरं वाटेना. आता तुला कळलंय, काय ते ठरव. दुकानाचा पत्ता आणि मी काढलेला नकाशा सोबत आहे. स्टेशनपासून अकरा मिनिटं, तिच्या पावलांनी सतरा. तू तिला घेऊन परस्पर गेलीस तरी चालेल, मला कळवायलाच हवं असं नाही.

तुझाच,
बाबा