बांधावरचा वाटोबा

माय, आपल्या बांधावरचा तुझा देव परवा जागचा हलवला. दचकू नकोस, कुणी भांडलं नाही. म्हणजे भांडले, पण शेवटी हसतहसतच हलवला. सगळं नीट सांगतो, फक्त मी मधेच भलतीकडं गेलो तर रागावू नकोस. माझी खोड तुला माहीतच आहे.

त्या दुष्काळात तू खडी फोडायच्या कामावर जायचीस. विहिरीत पाण्याऐवजी आम्हा पोरांचा आवाज घुमायचा, त्याचीही आम्हाला मजाच वाटायची. तेव्हा जीपमधून मोजणीवाले आले, तीन पायांवर दुर्बीण ठेवून वडवणीकडं बघत बसले आणि जाताना आपल्या बांधात एक दगड पुरून गेले. साहेब तुला म्हणाला, "बाई, हा हलू देऊ नका. रेल्वे यावरूनच जायचीय." तो बोलायचं म्हणून बोलला असेल, तू मात्र ते मनावर घेतलंस. कारण लग्नाआधी तू परळीला वैजनाथाला गेली होतीस आणि देवापेक्षा स्टेशनातच जास्त वेळ रमली होतीस. इंजिनाचं वर्णन करताना तू दोन्ही कोपर हलवायचीस. "निजामानं परळीपातूर गाडी आणली, मंग बीडला यायला तिचे पाय दुखत्यात का?" हा तुझा सवाल सगळ्यांना असायचा, भांडीवाल्यालासुद्धा. निजामाच्या राजात पुरलेला मोजणीचा दगड म्हणे पाटलाच्या गोठ्याचा उंबरा झाला, त्यानंतरच्या मोजणीच्या दगडावर बाया धुणं धुवायच्या. हाही असाच कुणाच्या तरी दारात जाणार हे तू ओळखलंस. बाजारातून शेंदूर आणलास, तेलात कालवून दगडाला फासलास, वर लिंबू ठेवलंस आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "आता कुणाचा बाप हात लावतो बघू."

कुणीच लावला नाही. पण गाव तुझ्याही पुढं गेलं. कुणाची तरी आटलेली म्हैस पान्हावली, कुणाला मुलगा झाला. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडच्या सहकारी कारखान्यांवर निघाल्या की ट्रक तिथं थांबायला लागले, नारळ फुटायला लागले. वाटेला लावणारा म्हणून वाटोबा, असं नावही पडलं. तू पदर तोंडात धरून हसायचीस. तू गेलीस तेव्हा वाटोबावर पत्र्याचं छप्पर आलं होतं.

दहावीत आपटल्यावर मी हिंडायलाच लागलो. कधी हॉटेलात, कधी ट्रकवर, पण राहायचो ते निजामाच्या जुन्या लाइनीच्या आसपास. विकाराबादेपासून परळीपर्यंत कुठलं स्टेशन कसं आहे ते मला पाठ झालं. जाड दगडी भिंती, कमानी, भर उन्हातही थंडगार बाकडी. एका ठिकाणी इंजिनाला पाणी पाजायचा लोखंडी नळ आहे, हत्तीनं सोंड पुढं करावी तसा. आता त्याच्यावर कावळे बसतात, आणि मी त्यांच्याकडं बघत बसलो म्हणून माझी गाडी सुटलेली आहे. परळीला सीताफळं विकणारे एक म्हातारे चाचा होते. "बेटा, ये निजाम की गाडी," ते म्हणायचे, "हियाँ दम लेने बैठी, तो बैठीच रह गई." त्यांना तुझा सवाल सांगितला तर त्यांनी एक फळ फुकट दिलं.

तिथंच चुलतभावाचा फोन आला. "कुठं हिंडायलास बे? रेल्वेचं मशीन आलंय गावात, अन् वाटोबा बरोबर मधी आलाय!" मी गेलो तर दूध सोसायटीचे चेअरमन माती खोदायच्या मशीनपुढं दुधाचे कॅन मांडून वाट अडवून बसलेले. सगळ्यांना एकच नवल, "एवढं रान सोडून सायबाच्या रेघेला नेमका देवच कसा घावला?" आता देवच त्या रेघेची खूण होता हे मला माहीत, आणि तुला. मशीनबरोबर आलेला साहेब वैतागून म्हणाला की दोन-चार दिवसांत मिटवा, नाहीतर मशीन दुसऱ्या टोकाला जाईल, मग परत कधी येईल सांगता येत नाही. तू गाडीसाठी राखलेला दगडच गाडी अडवून बसलेला. खरं सांगावं तर बाईनं गावाला फसवलं म्हणून लोक तुझं नाव घालवणार, न सांगावं तर गाडी गेली.

सोसायटीच्या शेडात सभा भरली. मी उभा राहिलो. "तो देव न्हाई. रेल्वेचाच दगड हाय. माझ्या मायनं शेंदूर लावला, कुणी उपटू नाही म्हणून."

चेअरमन कडाडले, "तुझी माय तुझ्यापरीस लई शानी व्हती. मेलेल्या माणसाला कावून मधी ओढतो?"

तेवढ्यात तुझी खडीवरची मैत्रीण, शेजारची मावशी, कोपऱ्यातून म्हणाली, "बस खाली, बाबा. आमाला काय नवं सांगायलास? शेंदूर कालवाया त्याल माझ्या घरचं व्हतं." सगळ्या बायका पदराआड खिदळायला लागल्या. एक म्हणाली, "लिंबू आमचं!"

चेअरमननी विचारलं, "मावशे, मंग इतकी वर्सं नारळ कावून फोडले?"

"लेकरं कोयता घिऊन परमुलखात जायची. कुनापुढं तरी हात जोडून निघावं वाटतं का न्हाई? तू न्हाई जोडले? तुझी म्हस आटली तवा तर लोळण घेतलीस." शेड हसून हसून हललं. मग ती एकदम सरळ आवाजात म्हणाली, "तिनं गाडीसाठी राखला. गाडी आली. आता द्या वाट."

चेअरमननी टोपी नीट केली. "हलवायचा तर वाजतगाजत हलवू," ते म्हणाले. आणि तसंच झालं. हलगी लावली, सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोत वाटोबा बसले, साहेबाला नारळ फोडायला लावलं तर त्याला तो काही केल्या फुटेना. नवी जागा रुळाच्या रेघेपलीकडच्या लिंबाखाली आहे. सावली बरी आहे तिथं.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. भरल्या सभेत देव न्हाई म्हणणाऱ्या तुझ्या लेकानं दगड उचलताना सगळ्यांच्या आधी चपला काढल्या. आणि कुणाचं लक्ष नाही बघून नवसही बोललो. गाडी एकदाची धावू दे, नारळ माझ्याकडं लागला.