नाटकातलं लग्न

रविवार, १६ जून

काल माझं लग्न झालं! चर्चच्या हॉलमध्ये, पोटावर उशी बांधून.

आमच्या नावन या आयरिश गावातले ब्राझीलचे लोक दर जूनला गावाकडचा सण करतात. ठिगळांचे कपडे, गवताच्या टोप्या, मक्याचा केक. आणि एक नाटकातलं लग्न. नवरी पोटुशी, बाप बंदूक घेऊन उभा. नवरदेवानं पळायचं, सगळ्यांनी त्याला धरून आणायचं. यंदा आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या रोझांजेलानं मला नवरी केलं आणि वाल्दिरला नवरदेव. म्हणाली, दोन वर्षं एका गाडीतून फिरताय, आता आम्हीच उरकतो.

गाडीतून फिरतो ते मी अजून शिकाऊ लायसनवर आहे म्हणून. शेजारी पक्क्या लायसनचा माणूस लागतो. तो समोरच्या घरातला, ब्राझीलचाच वाल्दिर. दर रविवारी डावीकडे बसतो. मी फुटपाथवर चाक चढवलं तरी इथल्या लोकांसारखं, 'छान चाललंय' अशा अर्थानं म्हणतो, "ग्रँड, ग्रँड." बस्स, एवढंच.

तर काल सगळा हॉल ओरडत होता — पळ, पळ! वाल्दिर पळालाच नाही. माझ्या शेजारी उभा राहिला. लोकांना वाटलं विसरला. दरवर्षी बघतो तो हे नाटक! विसरेल कसा?

मंगळवार, १८ जून

बोंब झाली. रोझांजेलानं फेसबुकवर फोटो टाकला, ॲडम्सटाउनला राहणाऱ्या वृंदावहिनीनं पाहिला. तिथून मराठी मंडळाच्या ग्रुपवर. नाशिकला आईकडे पोचायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. लोकांची अभिनंदनं. वहिनीचा मेसेज — कितवा महिना?

अहो, त्रेचाळीस वर्षांची आहे मी! उशी आहे ती!

आईनं फोनवर एकच विचारलं, "आणि हा टोपीवाला कोण?" मी म्हटलं, शेजारी. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

बुधवार, १९ जून

गौरवदादा म्हणतो, ग्रुपवर खुलासा टाक. दोन ओळी.

नाही टाकला.

शुक्रवार, २१ जून

दादा-वहिनी स्वतः आले. वहिनी मजकूर लिहूनच घेऊन आलेली — 'तो करमणुकीचा कार्यक्रम होता. भार्गवीचा त्या गृहस्थांशी काहीही संबंध नाही.' मी म्हटलं, पहिलं वाक्य टाकते. दुसरं नाही.

दादानं विचारलं, "म्हणजे संबंध आहे?"

काय सांगू? हात हातात घेतलेला नाही कधी. कोविड झाला तेव्हा पायरीवर रोज गरम सूप ठेवून बेल वाजवून जायचा. मी भूल दिलेला एक पेशंट दगावला त्या रविवारी मला गाडी चालवताच येईना, तर न बोलता शेजारी बसून राहिला. ह्याला काय म्हणतात? मला माहीत नाही. पण 'काहीही संबंध नाही' म्हणत नाहीत!

"समाजात राहायचंय आपल्याला," वहिनी म्हणाली. "आणि आई म्हणताहेत, खुलासा आल्याशिवाय ऑगस्टमध्ये मी भार्गवीकडे येणार नाही."

गंमत बघा. वीस वर्षं लग्न कर, लग्न कर म्हणून माझं डोकं खाल्लं. नाटकात केलं तर म्हणतात, खुलासा कर! चहा दिला, चिवडा दिला आणि दोघांना वाटेला लावलं.

रविवार, २३ जून

वाल्दिरला सगळं सांगितलं. उशीवरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग म्हणतो, टाक ना खुलासा. आई आहे तुझी. माझं काय, मला चालेल.

तुला चालेल?! माझं डोकंच फिरलं. शेताच्या फाटकापाशी गाडी थांबवली. विचारलं, त्या दिवशी पळाला का नाहीस? तो गाईंकडे बघत बसला. म्हणाला, गुडघा दुखत होता.

गुडघा!

येताना गाडी दोनदा बंद पडली. 'ग्रँड' म्हणायची हिंमत झाली नाही त्याची.

बुधवार, २६ जून

टाकला खुलासा. वहिनीचा नाही, माझा — 'लग्न नाटकातलं होतं, पोटावर उशी होती. वाल्दिरशी माझा संबंध आहे. कसला, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही. विचारलं की कळवीन.'

ग्रुप चिडीचूप. एरवी गणपतीच्या मोदकांवरून रात्र रात्र भांडतात.

गुरुवार, २७ जून

आईनं तिकीट रद्द केलं. दादाकडून कळलं. मी फोन केला, उचलत नाही.

भांडी घासताना रडले. खूप रडले. तिच्यासाठी वरची खोली रंगवून घेतली होती, देवांना जागा केली होती. ती आली नाही तर मला सोसणार नाही, हे खरं. पण मेसेज मागे घेणार नाही, हेही तितकंच खरं. आयुष्यभर लोकांना भूल देत आले, स्वतःला आता नाही द्यायची.

रविवार, ३० जून

विचारलं. गाडी सुरू करायच्या आधीच. इंग्रजी सुचेना, शेवटी मराठीतच विचारलं — आपल्यात काही आहे का, खरंखुरं? तो म्हणाला, "हो." मराठीत!

तुला काय कळलं, म्हटलं. म्हणाला, शब्द एकही नाही. पण आईशी फोनवर बोलताना तू नेहमी हेच 'हो' म्हणतेस, मनात नसलं तरी. माझ्या मनात आहे.

त्याच्यासमोरच आईला फोन लावला. तिनं उचलला.