मधली खरखर

राहुरी,
रविवार, २४ ऑक्टोबर १९९९

आदरणीय योगेशदादा आणि यशोधरावहिनींना सम्राटचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, आणि तिकडे बंगलोरच्या गार हवेत तुम्ही दोघंही तसेच असाल असं धरून चालतो. वहिनींना तिकडची भाषा निदान भाजी घेण्यापुरती आली का? आत्याचा गुडघा तू मे महिन्यात पाहून गेलास तसाच आहे. फक्त आता ती त्याला गुडघा म्हणत नाही, नुसतं 'ह्यो' म्हणते. 'ह्यो आज उठू देईना.' (मामा होते तेव्हा त्यांच्याबद्दलही ती असंच बोलायची, 'ह्ये आज गावाला गेल्यात'. म्हणजे गुडघ्याचा घरातला मान वाढला असं समज.) हे पत्र मी तुझ्याच घरी, तुझ्या आईसमोर बसून लिहितोय. जे लिहीन ते वाचून दाखवायचं असा तिचा हुकूम आहे, आणि मी दाखवतोय. (कंस गाळून. तेव्हा कंसातलं तुझ्या-माझ्यातच ठेव.)

माझ्या लिखाणाचं विचारलं होतंस. नगरच्या एका अनियतकालिकात माझी कथा छापून आली. त्या कथेत मी एक प्रयोग केला होता. सगळा मजकूर कंसात, आणि कंसाबाहेर काहीच नाही. माणूस जे मोठ्याने बोलतो ते बिनकामाचं असतं आणि खरं ते मधेच, हळू आवाजात बोलतो, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. प्रेसवाल्याला वाटलं, पोराला घाई झालेली दिसतेय. त्याने सगळे कंस काढले, वाक्यं सरळ केली आणि कथा छापली. ती लोकांना आवडली. कॉलेजच्या सरांनी रस्त्यात थांबवून पाठ थोपटली. असं दुःख आजवर कुणाला झालं नसेल. ते तू लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे तू पाठवलेलं गाणं. वांबोरीच्या जयंतीत मामांच्या गायन पार्टीचं जे एकुलतं एक रेकॉर्डिंग झालं, ते आमच्या वडिलांनी टेप दोन्ही हातांनी माईकपुढे धरून केलेलं. ती कॅसेट तू मे महिन्यात नेलीस तेव्हा तुझ्या बाजूने सगळ्यात जास्त मीच बोललो होतो. कॅसेट झिजते, बुरशी धरते, फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळत बसा. कॉम्प्युटरवर एकदा घेतलं की हजारदा वाजवा, केसाला धक्का नाही, आणि इंटरनेटवर ठेवलं की अमेरिकेतल्या माणसालाही छगनमामांची पेटी ऐकता येईल. मी तर आत्याला भाषणच दिलं होतं की वस्तूंचा जमाना संपला, आता नुसता आवाज उरणार. आत्याने भाषण ऐकलं, ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेली कॅसेट तुझ्या हातात दिली आणि मला विचारलं, 'मंग टेपचं काय करायचं?'

तर तुझं पत्र आलं की गाणं इंटरनेटवर चढवलंय, उतरवून घे. नगरला एसटी स्टँडजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर इंटरनेट आलंय. मालक बन्सीशेठ. माळ्यावर उभं राहता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक आधीच वाकून, अदबीने आत जातं. मी पत्ता टाकला आणि पडद्यावर एक पट्टी भरायला लागली. दादा, पट्टी भरताना बघणं हा काय प्रकार आहे हे तुला ऑफिसातल्या जोरदार लाईनवर कळणार नाही. ऊस भरलेली बैलगाडी चढावर बघावी तसं. आपण खुर्चीतल्या खुर्चीत पुढे रेलतो, म्हणजे जणू मागून खांदा लावतो. पट्टी शेवटाला आली की खाली बन्सीशेठच्या बायकोने श्रीगोंद्याला माहेरी फोन लावायला रिसीव्हर उचलला आणि पट्टी गेली. फोनची लाईन एकच. पुन्हा सुरू. पुन्हा माहेर. शेवटी बन्सीशेठ खाली जाऊन फोनजवळच बसून राहिला, तेव्हा कुठे मामा नगरात उतरले.

उतरले, पण न्यायचे कशात? एका फ्लॉपीत गाणं मावेना. बन्सीशेठने त्याचे तुकडे केले आणि फ्लॉप्यांवर पेनने नंबर टाकून दिले. एसटीत मी त्या मांडीवर धरून आलो. घरी आल्यावर आत्याने त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या, कानाशी हलवून पाहिल्या, आणि कॅसेटच्या नेहमीच्या जागेशेजारी, म्हणजे टेपच्या मोठ्या स्पीकरवर, ब्लाऊजपीस अंथरून ठेवल्या. वर मोगऱ्याचं एक फूल. दुसऱ्या दिवशी इथल्या कॉम्प्युटर क्लासच्या राधाकृष्ण सरांनी त्या लावून पाहिल्या तर एकीतही काही नाही. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं म्हणाले, त्याने पुसलं. आपल्या घरात आजवर इतक्या मानाने कुणी काही पुसलं नसेल. मी परत नगरला. परत बन्सीशेठ फोनजवळ.

या वेळी मी निघताना आत्याने विचारलं होतं, तिकडून इकडं आणलं, तर मग तिकडचं संपलं का? मी म्हटलं, नाही आत्या, तिकडेही आहे आणि इकडेही. कितीही जणांनी नेलं तरी तिथलं तिथेच. तिने गुडघा चोळला. मग म्हणाली, 'मंग ते आलंच न्हाई. त्याची बातमी आली.' यावर मी रस्ताभर विचार करत होतो. बातमी खरी असली तर माणूस आल्यासारखंच की, असं निम्म्या रस्त्यापर्यंत वाटत होतं. विळदच्या घाटात तसं वाटेनासं झालं.

शेवटी परवा आत्याला मी एम-एटी गाडीवर बसवून क्लासला नेलं. तिने जयंतीतली निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. क्लासमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात, हे तिला आवडलं. म्हणाली, बरं वळण लावलंय. कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कापड झाकलेलं होतं ते सरांनी हलकेच उचललं, तर ती नमस्कारच करणार होती, मी हात धरला. सरांनी तुकडे जोडले. गाणं लागलं.

दादा, खोटं सांगत नाही, आवाज ऐकून मी हललो. मामांचा गळा इतका स्वच्छ मी समोर बसूनही कधी ऐकला नव्हता. ढोलकीची थाप वेगळी, पेटी वेगळी, मागची कोरसची पोरं वेगवेगळी मोजता यावीत. तू लिहिलं होतंस की बक्षिसांच्या अनाउन्समेंटी सगळ्या काढल्या. ते ऐकताना कळलंच. आपल्याकडे गाणं म्हणजे दोन ओळी झाल्या की पेटी धरून ठेवायची आणि 'कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांच्याकडून पार्टीला सप्रेम भेट' हे आलंच. मग टाळ्या, मग कुणाचं पोरगं रडणार, मग कुणीतरी 'माईकचा आवाज वाढवा' ओरडणार, मग पुन्हा गाणं. तू ते सगळं काढलंस. 'मधे एका जागी तर फीत फारच घासली होती, नुसती खरखर, ती मुळातून कापली,' असंही लिहिलं होतंस. त्यामुळे गाणं पहिल्यांदाच सुरू झाल्यापासून संपेपर्यंत न थांबता चाललं. कष्ट दिसतात तुझे.

आत्याने हात मांडीवर ठेवून पूर्ण ऐकलं. सरांनी विचारलं, आवडलं का आई? 'चांगलं हाय. लई सोच्छ हाय,' म्हणाली. नंतर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला एकदा वाकून पाहिलं आणि चपला घालायला गेली.

तर आत्याला गाणं आवडलं. तुझी मेहनत पोचली. (हे वाक्य तिने दोनदा वाचून घेतलं.) कॅसेटबद्दल तू विचारलं होतंस की आता ती काही कामाची नाही, घर बदलताना टाकून देऊ का. आत्या म्हणते, तुला अडचण होत असेल तर तुझ्या मनाप्रमाणे कर. (हेही दोनदा.)

वहिनींना आत्याचे अनेक आशीर्वाद. थंडीचं जपून राहा, आणि पत्राला उत्तर टाक, फोनवर घाईत बोलून होत नाही.

तुझा,
सम्राट

ता. क. : सोमवार, पोस्ट ऑफिस, डिंकाच्या वाटीशेजारी. आत्या घरी आहे, म्हणून आता कंसाबाहेर लिहितो. दादा, कॅसेट टाकू नको. टाकली असशील तर केरात हात घाल. मी काल 'आवडलं' लिहिलं ते तिच्या सांगण्यावरून. त्या दिवशी क्लासमधून येताना कॅनॉलच्या पुलावर तिने पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. मला वाटलं गुडघा. खाली उतरून कठड्याला धरून उभी राहिली आणि विचारलं, 'मधलं कुटं गेलं रं?' मी म्हटलं, अनाउन्समेंटी? दादाने काढल्या. म्हणाली, 'सगळ्या काढल्या व्हय?'

मग तिने सांगितलं ते असं. त्या दिवशी वांबोरीला पार्टीला बक्षिसं येईनात. मामांना नुसती पेटी धरून बसवेना, म्हणून त्यांनी मनानेच नावं घ्यायला सुरुवात केली, म्हणजे ऐकून बाकीच्यांना चेव यावा. सरपंच घेतला, माजी सरपंच घेतला, नावं संपली. मग म्हणाले, 'बनाबाई छगन साळवे, राहुरी, यांच्याकडून पार्टीला सप्रेम भेट.' भेट कसली? आत्या बायकांत बसली होती, हातात वाळकं फूलसुद्धा नव्हतं. बायका हसल्या, तिने पदरात तोंड घातलं. घरी येऊन भांडली. 'लग्नात येवढं लोक मागं लागलं तरी नाव घेतलं न्हाई माजं. आन तितं माईकवर घेतलं,' असं सांगत होती. आधी नाही, नंतरही नाही. एवढंच एकदा.

आता तू इंजिनीअर आहेस, तूच सांग, फीत त्याच एका जागी एवढी कशाने घासली? दर रविवारी वंदना झाली की टेप लागायचा, तो मी कितीदा बाहेरून ऐकलाय. गाणं पुढे, मग कर्र करून मागे, पुढे, मागे. मला वाटायचं म्हातारीला बटणं कळत नाहीत. तू जी खरखर मुळातून कापलीस ती तिनेच इतक्या वर्षांत एक-एक रविवार करून केलेली आहे. प्रेसवाल्याने माझे कंस काढले तेव्हा मी आठ दिवस जेवताना कुणाशी बोललो नाही. ती तर दुसऱ्या दिवशी उठून तुझ्यासाठी शेवया करायला बसली.

कॉम्प्युटर वाईट नाही, माझं भाषण मी मागे घेत नाही. अजून थोडे रविवार गेले की त्या जागी फीत तुटणारच, आणि मग ते नाव कुठेच राहणार नाही. म्हणून कॅसेट पुन्हा एकदा कॉम्प्युटरवर घे, या वेळी काहीही न काढता. खोकल्यासकट, पोरांसकट, खरखरीसकट. आणि मग कॅसेट घेऊन ये. पोस्टाने पाठवू नको, डिंकाच्या वाटीची अवस्था मी बघतोय.

पुन्हा ता. क. : यातलं काही तुला माहीत आहे असं तिला दाखवू नको. 'योग्याचं मन मोडंल, त्यानं लई दिस बसून क्येलंय,' असं म्हणून तिने मला पुलावरच शपथ घातली आहे. तू आपलं 'कॅसेट सापडली, टाकायला जीव झाला नाही' एवढंच म्हण. खोटं बोलणं जमत नसेल तर वहिनींना बोलू दे.

आणखी एक, पाकीट चिकटवता चिकटवता : आज सकाळी निघताना मी आत्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की दादाने पुन्हा फाईल केलीच तर फाईलला नाव द्यावं लागतं, काय द्यायचं म्हणून सांगू? (तू मागच्या वेळी नुसता नंबर दिला होतास.) ती शेवया वाळत घालत होती. आधी म्हणाली, योगेशच्या वडलांचं गाणं असं घाल. मी म्हटलं, एवढं लांब मावत नाही. खोटंच म्हटलं. तिने उंबऱ्याकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मामांच्या फोटोकडे पाहिलं. मग हातातली शेवयांची काडी खाली ठेवली आणि पदर नीट करून मला म्हणाली, 'लिही. छगन साळवे.' आणि मी कागदावर लिहिलं का ते बघायला पुढे वाकली.