पाकिझे हानमच्या बाजूची भिंत

एर्झुरुम, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

आदरणीय नेझिहे अब्ला,

तुमच्या दोन्ही हातांचे चुंबन घेऊन ते माझ्या कपाळी लावतो. (पत्रातून हे कसे साधते, असा प्रश्न तुम्ही मागच्या खेपेस उपस्थित केला होता. माझ्याहून मोठे असे या जगात तुम्हा थोरल्या बहिणीवाचून कोणी उरले नसल्यामुळे मला तो प्रश्न निकालात काढण्याचा अधिकार नाही. म्हणून केवळ चुंबन घेतो.) तुमचे गुडघे, तुमचा रक्तदाब आणि तुमच्या परसातली लिंबे यांची प्रकृती, याच क्रमाने, सविस्तर कळवावी. माझी प्रकृती उत्तम आहे. हे विधान तुम्ही असत्य मानाल याची खात्री असल्याने पुढील मजकुरात ते सिद्ध करण्याचे योजले आहे.

गेल्या शरदात टेलिफोनवर आपला जो वाद झाला त्याचे स्मरण देतो. तुमचे म्हणणे असे होते : "हिल्मी, तिथला गॅस तुझी सगळी पेन्शन पिऊन टाकील. हट्ट सोड आणि मेर्सिनला ये, मागची खोली रिकामीच आहे." त्यावर मी असे प्रतिपादन केले की ज्याने हयातभर शाळेत तर्कशास्त्र शिकवले त्याला उबेसाठी गॅस जाळावा लागू नये. आणि मी पैजही लावली. या हिवाळ्यात खोली तापवण्यासाठी एकदाही बॉयलर पेटवला, तर पुस्तके बांधून मुकाट्याने तुमच्या मागच्या खोलीत यायचे, आणि रोज संध्याकाळी तुमच्या जावयाची फुटबॉलवरची मते शेवटपर्यंत ऐकायची. (आंघोळीपुरता बॉयलर वर्ज्य नव्हता. ही सवलत तुम्हीच दिली होती आणि ती देताना नाक मुरडले होते. ते मला ऐकू आले.)

माझी मांडणी निर्दोष होती. चहूबाजूंनी उबदार वस्तूंनी वेढलेली वस्तू स्वतः उबदार होते. मधल्या मजल्यावरचे मधले घर वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार घरांनी वेढलेले असते. एर्झुरुमच्या हिवाळ्यात माणूस घर तापवल्यावाचून राहत नाही. म्हणून मधल्या घरातल्या माणसाने काहीही करू नये. हा सिद्धान्त घरमालकालाही ठाऊक होता, कारण त्याने त्याचे भाडे लावले होते. इतर गावांत जाहिरातींत जसे समुद्राचे दर्शन लिहितात, तसे आमच्याकडे ठळक अक्षरांत 'मधला मजला' असे लिहितात. मी घासाघीस न करता होकार दिला. सत्याला किंमत असते.

नोव्हेंबरात पालान्दोकेनच्या डोंगरावरून पहिला वारा उतरला आणि माझ्या सिद्धान्ताच्या परीक्षेचा काळ सुरू झाला. स्वयंपाकघरातले ऑलिव्हचे तेल बाटलीत थिजून लोण्यासारखे झाले. मी घरात ओव्हरकोट घालून, त्यावर शाल घेऊन, टोपी कानांवर ओढून बसू लागलो, आणि साखरेचा खडा दातांखाली धरून चहा पिताना दात वाजल्याने खडाच निसटू लागला. निष्कर्ष चुकीचा निघाला की तर्कशुद्ध माणूस गृहीतकांकडे वळतो. मी सपाता पालटून गृहीतके तपासायला निघालो.

डावीकडचे दार कोणी उघडले नाही. उजवीकडच्या घराला कुलूप होते. त्याचा मालक जर्मनीत असतो आणि ऑगस्टात येऊन उकाड्याची तक्रार करतो. खालच्या मजल्यावर शुक्रान हानम आणि त्यांचे यजमान राहतात. त्यांनी दार उघडले तेव्हा दोघांच्याही अंगावर ओव्हरकोट होते. "आत्ताच बाहेरून आलो," असे त्या म्हणाल्या. पण पायांत दोन-दोन लोकरी मोजे होते, आणि तेवढ्या मोज्यांवर कोणताही बूट चढत नाही. वरच्या मजल्यावर बँकेतला सेलचुक आणि त्याची बायको इपेक हे नवे जोडपे एकाच रजईत गुंडाळून दाराशी आले. (मी नजर दुसरीकडे वळवली. मागाहून कळले की त्यात शृंगाराचा भाग अगदी थोडा होता.) सेलचुक तरुण असल्याने खरे बोलला. "होजा, आम्ही तर तुमच्या भरवशावर हे घर घेतलं! म्हटलं, खाली रिटायर्ड मास्तर आहेत, म्हाताऱ्या माणसाला थंडी सोसत नाही, मजबूत पेटवतील. तुम्ही असे गार कसे?" शुक्रान हानमनेही नंतर तेच कबूल केले, फक्त 'म्हाताऱ्या' या शब्दाच्या जागी त्यांनी 'सभ्य' हा शब्द वापरला.

अब्ला, मला राग आला नाही. मी विस्मयाने भरून गेलो होतो. वर्गात फळा झिजवूनही जो युक्तिवाद मुलांच्या गळी उतरवता आला नाही, तो माझ्या इमारतीतल्या प्रत्येक कुटुंबाने कोणाचीही मदत न घेता स्वतंत्रपणे रचला होता, त्यासाठी जादा भाडे भरले होते, आणि आता सारे जण आपापल्या ओव्हरकोटात बसून शेजारच्याची वाट पाहत होते. इतकी एकमुखी बुद्धिमत्ता मी विद्यापीठातही पाहिली नव्हती.

यानंतर जे घडले त्याला आमच्या गावचा पाहुणचार कारण झाला. स्वतः कुडकुडत बसणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण पाहुणा कुडकुडला तर घराण्याची अब्रू जाते. दारात पाहुणा दिसला की यजमानाचा हात आधी बॉयलरच्या बटणाकडे जातो आणि मग चहाकडे. हा नियम प्रथम माझ्या ध्यानात आला असे मला वाटत होते. मी खाली जाऊन बसलो आणि शुक्रान हानमच्या यजमानांना बटण दाबताना पाहिले. त्यांचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्यासारखा झाला होता. पण दुसऱ्याच दिवशी ती दोघे गोडाचे ताट घेऊन माझ्याकडे निघाली, आणि सेलचुक-इपेक त्यांच्याकडे निघाले, आणि मी (वरून आलेल्या आदल्या ताटात अक्रोड भरून, कारण ताट रिकामे परत करत नाहीत) वर निघालो होतो. जिन्यात गाठ पडली. "तुमच्याकडेच येत होतो!" "नाही नाही, आम्हीच येतोय!" "असं कसं, आधी तुम्ही!" प्रत्येक जण दुसऱ्याच्या घराकडे हात करत होता आणि स्वतःच्या घराकडे कोणी पाऊल टाकत नव्हते. शेवटी आम्ही जिन्यातच, ओव्हरकोटांसह, ते गोड संपवले. पण मी बटण दाबले नाही, आणि पैज अभंग राहिली, याची नोंद घ्यावी.

आता मुख्य विषयाकडे येतो. डिसेंबरच्या एका सकाळी पुस्तक घेण्यासाठी मी डावीकडच्या भिंतीला हात टेकला आणि हात तिथेच राहिला. भिंत उबदार होती. अंगात नुकताच ताप चढू लागलेल्या मुलाच्या कपाळासारखी नव्हे; ओट्यावर ताजी रोटी कापडाखाली झाकून ठेवली असता वरून जशी लागते, तशी. मी दुसरा हात टेकला, मग गाल. कारणावाचून कार्य संभवत नाही हे मी किती पिढ्यांना सांगितले, आणि आता कारणाचा विचारसुद्धा मनात न आणता मी कार्याला गाल लावून उभा होतो. त्याच दिवशी मी पलंग त्या भिंतीकडे सरकवला, मग खुर्ची, मग टेबल. उरलेले घर मी ध्रुवप्रदेशाला देऊन टाकले. चमत्कार पाहिलेल्या माणसांविषयी मी पूर्वी जे उपहासाने बोललो आहे, ते सर्व तुमच्यापुढे मागे घेतो.

त्याचे कारण चार दिवसांनी (मी टाळाटाळ केली, चमत्काराची चौकशी करू नये असे वाटू लागले होते) दाराआड सापडले. डावीकडच्या घरात पाकिझे हानम राहतात. त्या नोव्हेंबरभर मुलाकडे बुर्साला होत्या. दार उघडले आणि उन्हाळा बाहेर आला. त्या पातळ सुती झग्यात, बाह्या वर सारून उभ्या होत्या आणि मागे एक खिडकी थोडी उघडी होती. खिडकी उघडी, अब्ला! एर्झुरुममध्ये!

"होजा, आत या नाहीतर दार लावा, मी जिना तापवत नाही. आणि काय हो, भिंतीचं भाडं द्यायला आलात का? रोज तिला पाठ लावून खोकता ते ऐकू येतं मला."

मी वाद घालण्याच्या तयारीने गेलो होतो. मी विचारले की असे बेहिशेबी जाळण्यामागे कोणते तत्त्व आहे. त्या म्हणाल्या, "कसलं तत्त्व? रेल्वेवाल्याची बायको मी. सगळा जन्म असल्या स्टेशनांत काढला जिथे घरापेक्षा गाडी उबदार असायची, आणि ती थांबायची दोन मिनिटं. मी ठरवलं होतं, एकदा म्हणून मनसोक्त उबेत बसेन. बसलेय." मग त्या हसल्या. "वरचे, खालचे, तुम्ही, सगळे माझ्यावर शेकताय ते कळतं मला. शेका. भिंतीला काय विचारून ऊब जाते?"

या युक्तिवादातला दोष मी अजून शोधतो आहे. शोधण्यासाठी मला तिथे वारंवार जावे लागते.

मात्र गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा बुर्साहून आला, त्याने गॅसचे बिल पाहिले आणि तो खाली बसला. महिनाअखेरीस आईला कायमची घेऊन जातो, असे त्याने जाहीर केले. आमच्या इमारतीत त्या संध्याकाळी जे वातावरण पसरले त्याला सुतक हाच शब्द योग्य होईल. सर्व जण माझ्याकडे, त्या भिंतीपाशी जमले. सेलचुक म्हणाला, "आपण सगळे मिळून बिल भरू." मुलाने ते नाकारले, आई वर्गणीवर राहते असे बुर्सात कोणी म्हणू नये. शुक्रान हानम माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "होजा, एक मार्ग आहे. पण तो तुमच्या पुस्तकात नाही." आणि बाकीचे सगळे छताकडे पाहू लागले. मी विषय बदलला.

तर एकूण सारे क्षेम आहे. हा वृत्तान्त केवळ तुमच्या माहितीसाठी कळवला. त्यात मागणे काही नाही. जावयास आशीर्वाद, मुलांच्या डोळ्यांचे चुंबन.

तुमचा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
हिल्मी

ता. क. पाकिझे हानमनी परवा मला दिलेल्या कॉफीत साखरेऐवजी मीठ होते, आणि पुष्कळ होते. मी चेहऱ्यावरची रेष न हलवता कप तळापर्यंत रिकामा केला. आपल्याकडे अशी कॉफी कोण कोणाला, कोणत्या प्रसंगी देते आणि ती न कुरकुरता पिणाऱ्याविषयी काय अनुमान काढतात, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही स्वतः मागणीच्या दिवशी भावोजींना दिली होती आणि ते बिचारे आठवडाभर पाणी पीत होते. पाकिझे हानमची दृष्टी मात्र चांगली आहे. मी विचारून घेतले.

पुन्हा ता. क. मागणी घालायला घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला जावे लागते, आणि ते तुम्ही आहात. मुलगा या खेपेस रविवारपर्यंत इथे आहे. आईसाठी मुलाकडे मागणी घालण्याचा शिरस्ता काय, हे मला ठाऊक नाही. पण तुमच्या तोंडी कोणताही शिरस्ता शोभतो. मेर्सिनहून संध्याकाळची बस पकडावी. रिवाजाप्रमाणे न्यायचा चॉकलेटचा डबा इथे मिळेल, फुले मात्र तिकडूनच आणावीत. इथली फुलवाल्यापासून दारापर्यंत पोहोचेस्तोवर काचेची होतात. भिंत पाडण्याविषयी घरमालकाशी बोललो आहे. दोन घरांना एक बॉयलर पुरतो, आणि या सर्व प्रकरणामागे तेवढाच हेतू आहे.

शेवटचा ता. क. तेवढाच नाही. काल त्या प्रथमच माझ्याकडे आल्या, आपल्या भिंतीला माझ्या बाजूने हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई, इकडून किती गार आहे ही!" मी उठलो आणि बॉयलर पेटवला. तो अजून चालू आहे. पैज तुम्ही जिंकलात, अब्ला, आणि अटीप्रमाणे मी तुमच्या मागच्या खोलीत येण्यास बांधलेला आहे. मात्र अट पुन्हा तपासली. तीत 'एकट्याने' हा शब्द नाही. पलंग मोठा घालावा.