पूर्णेकाठचं प्रस्थान

नाना, तुम्ही गेलात त्याला इतका काळ लोटला की आता वयानं मी तुमच्यापेक्षा मोठा आहे; तेव्हा थोडी थट्टा केली तर चालवून घ्या. आपली सायकलची सहल मी पुन्हा मनावर घेतली आहे. तीच ती: परभणीहून सेलू, वालूर, मग चारठाण्याची देवळं, तिथून पूर्णेचा काठ धरून येलदरी, आणि पाय टिकले तर नदीसोबत खाली थेट गोदावरीच्या संगमापर्यंत. तुम्ही मला लुट् लकार शिकवलात, म्हणजे आजचा दिवस सोडून पुढे केव्हातरी घडणाऱ्या गोष्टींचा भविष्यकाळ. त्यासाठी 'गन्तास्मि', म्हणजे 'मी जाईन', घोकून घ्यायची गरज नव्हती, उदाहरणाला ही सहल पुरे होती.

तेव्हाचं अजून डोळ्यापुढे आहे: आई भाकऱ्या थापायलीय. तुम्ही काठवटीशेजारी मांडी घालून बसला आहात आणि पिठात बोटानं पूर्णा काढता आहात. इथं उतार, इथं चिंचेखाली मुक्काम, इथं सायकली खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. आई म्हणते, "तुमची नदी जरा तिकडं सरकवा, मला पाणी वतायचंय." तुम्ही मुकाट्यानं नदी सरकवता. मग पंचांग उघडलंत, तर निघायचा दिवस वर्ज्य. म्हणून आधीच्या चांगल्या मुहूर्तावर तुम्ही प्रस्थान ठेवलंत: धुतलेलं धोतर, सुपारी, मूठभर तांदूळ, त्यांचं गाठोडं करून ते उत्तरेच्या बाजूच्या सायकल मिस्त्रीच्या दुकानात नेऊन दिलंत. म्हणजे शास्त्रापुरते आपण निघालो. मिस्त्री गाठोड्याकडे बघत म्हणाला, "मास्टरसाब, गठडी यहाँ, तुम घर में, ये कैसा सफर जी?" "अर्धे निघालोत असं समजा," तुम्ही म्हणालात. त्याच संध्याकाळी तुम्हाला हुडहुडी भरली, आणि तो ताप उतरलाच नाही. गाठोडं उत्तरेला ठेवलंत आणि गेलात दक्षिणेला. पंचांग एवढं बारकाईनं पाहणाऱ्या माणसाला हे शोभलं नाही.

ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणत नाहीत. आईनं गाठोडं आणू दिलं नाही, आणि त्या वाटेचं नावही काढू दिलं नाही. "ती वाट त्यांनी धरली, तू धरू नको," एवढंच म्हणायची. तिच्या हयातीत मी गप्प राहिलो. ती गेली तोवर येलदरीला धरण झालं होतं. मध्यंतरी यष्टीनं तिथं जाऊन आलो, वाट विचारायला. काठावर जाळं सोडवत बसलेल्या भोयाला तुमच्या खुणा सांगितल्या. तो म्हणाला, "गुरुजी, ती वाट पाण्यात हाय आता. तिच्यावरून मासे जायलेत." बहात्तरच्या दुष्काळात पाणी आटलं तेव्हा ती थोडी उघडी पडली होती म्हणे. पण तेव्हा माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. त्यांच्या समोरून सायकलवर सहलीला जायचं तोंड कुणाला होतं?

मग मी वरच्या रस्त्यानं वळसा आखला. शाळेतल्या सोबत्याला चला म्हटलं, तर तो म्हणाला, "चारठाण्याला यष्टी जाते की, सर! या वयात पायडल कशाला मारायलाव?" त्याला काय सांगू? डॉक्टरांनी मला काचबिंदू सांगितलाय, नाना. नजर कडेकडेनं बुजत जाते. गेलेली परत येत नाही, राहिलेली थेंब घालून जपायची. समोरची अक्षरं अजून दिसतात, म्हणून शाळेत कुणाला पत्ता नाही. या थंडीत निघालो तर निघालो, पुढच्या थंडीचं डॉक्टर काही बोलत नाहीत. बायको म्हणते, "आहो, बाजूला ठेवलेली घागर दिसंना तुमाला, आन् येलदरीला निघालाव व्हय?" मी म्हटलं, "घागरीपेक्षा येलदरी मोठी आहे, दिसेल." ती हसली नाही. पूर्वी याहून वाईट विनोदांना हसायची. रोज सकाळी डोळे उघडले की आधी दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजू शोधतो. एक सापडली की दुसरी हरवते. या हरवण्यावर तुमच्या व्याकरणातल्या एकाही सूत्राचा इलाज चालत नाही.

काल सायकलला नवे टायर घातले, चेनला तेल दिलं आणि सरावाला म्हणून स्टेशनच्या रस्त्याला निघालो. डाव्या हाताची बैलगाडी मला दिसलीच नाही. तिचं चाक हँडलला घासलं तेव्हा कळली. गाडीवान ओरडला, "मास्तर, डोळे घरी ठिवून आलाव का?" मी उतरलो, आणि तिथून घरापर्यंत सायकल हातानं ढकलत आणली. ओळखीचे लोक थांबून विचारत होते. सगळ्यांना पंक्चर झाली म्हणून सांगितलं, दारात बायकोलाही तेच. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं लिहितो: पंक्चर झाली नव्हती. बायको खाली वाकली, दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "व्हय, लय हवा गेलीय."