फुटपाथवरची गादी

लिव्हरपूल,
फेब्रुवारी १९५८

प्रिय बकुळा,

रागावू नकोस, तुझ्यासाठी घेतलेला पलंग मी परवा टाकून दिला. टाकून दिला म्हणतो खरा, पण इथं मोठं सामान टाकणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्यासारखं काम आहे. रोजचा कचरा नेणारे पलंगाला हात लावत नाहीत. त्यासाठी कौन्सिलला, म्हणजे इथल्या म्युनिसिपालटीला, वेगळं कळवायचं, मग ते दिवस ठरवून देतात आणि त्या दिवशी आपणच सगळं खाली फुटपाथवर नेऊन ठेवायचं. ज्याच्या दुकानातून घेतला त्या म्हाताऱ्याला म्हटलं, फुकट ने, तर त्यानं नुसती मान हलवली. आपल्या लालबागेत हा पलंग गॅलरीत काढला असता, तर जिन्यापर्यंत तरी पोचला असता का? फळ्या राधाबाईंनी मांडणीला नेल्या असत्या, लोखंड भंगारवाल्यानं, आणि गादीवरून दोन बिऱ्हाडांचं भांडण गणपतीपर्यंत पुरलं असतं. इथं कुणाला कुणाचं काही नको असतं.

हा पलंग मी का घेतला ते तुला माहीत आहे. लग्नानंतर त्या खोलीत आई, दोन भाऊ आणि पडद्याच्या अलीकडे आपण. बांगड्या वाजू नयेत म्हणून तू मनगटाला रुमाल गुंडाळून झोपायचीस. एकदा हिंदमाताला लुगडं घ्यायला गेलो होतो, तेव्हा फर्निचरच्या दुकानाबाहेर ठेवलेल्या पलंगाला तू हळूच बोट लावलंस, आणि दुकानदार बघतोय म्हटल्यावर पदर सावरून अशी पुढे गेलीस की जणू मीच लावलं! इथं खोली मिळाली तेव्हा आधी पलंग आणला, स्टोव्ह नंतर. तू येईपर्यंत त्याच्या एका कडेलाच झोपायचं असं ठरवलं होतं, आणि दोन वर्षं तसाच झोपलो.

पण छप्पनच्या जानेवारीत तुझा भाऊ रघु मोर्चावरच्या गोळीबारात गेला आणि तुझ्या आईनं अंथरूण धरलं. तू तिच्याकडे राहायला गेलीस, ते योग्यच केलंस. मी म्हटलं उन्हाळ्यात ये, मग म्हटलं दिवाळीनंतर ये. इकडे तुझ्या पत्रांतून सभा आणि मोर्चे वाढत गेले, परळच्या बालवाडीतली मुलं आली, आणि मी मात्र शेवटच्या दोन ओळींत उरलो. मी तुला चिडवायचो की मुंबई महाराष्ट्राला मिळेल तेव्हा मिळेल, मला माझी बायको कधी मिळणार ते सांग. मग या दिवाळीला लिहिलंस, 'आईला सोडून मी येणार नाही. आणि खरं सांगायचं तर आता यावंसं वाटतही नाही. माझी वाट पाहू नका.' पहिल्या वाक्याला मी काहीतरी उपाय शोधला असता. कंपनीचा करार संपायला अजून तीन वर्षं आहेत, पण हातापाया पडून सुटून आलो असतो. मधल्या वाक्यावर काय करायचं ते मला कळलं नाही, अजून कळलेलं नाही.

घरमालकीण म्हणाली, एकट्याला एवढी खोली कशाला, माळ्यावरची घे. तिथं पलंग शिरत नाही. परवा सकाळी आधी गादी ओढत खाली नेली आणि दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. तेवढ्यात समोरून गुणाजी आला. हा मालवणचा, बोटीवर स्वयंपाकी आहे, बोट बंदरात असली की आमच्याच गल्लीत उतरतो. आपल्याकडे माणसाची गादी अशी रस्त्यावर येते ती एकाच कारणानं. त्यानं टोपी काढली, माझ्यामागून जिना चढून आला, दाराबाहेर बूट काढले आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेला रे बाबा? माका सांग." मी त्याला कौन्सिलचं सांगायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. पलंगाचा सांगाडा त्यानंच खांद्यावर घेऊन खाली नेला. संध्याकाळी डब्यातून डाळभात घेऊन आला, कारण सुतकाच्या घरी चूल पेटवायची नसते. मला समोर बसून जेवू घातलं आणि जाताना 'येतो' न म्हणता गेला.

आता पत्राचं कारण. जेवताना त्यानं पुन्हा विचारलं आणि मी 'बायको' म्हणालो. बकुळा, ती येणार नाही असं सांगायचं होतं गं. ते मला अजून कुणालाही सांगता आलेलं नाही. बायको गेली हे त्यापेक्षा सोपं गेलं. गुणाजीची बोट शनिवारी मुंबईला निघते. तुझ्या आईला भेटून येतो म्हणाला, नको नको म्हटलं तरी ऐकेना, घरमालकिणीच्या पोरीकडून तुझ्या पत्राच्या पाकिटावरचा पत्ताही उतरवून घेतला. हे पत्र विमानानं त्याच्या आधी पोचेल. तो दाराशी येईल तेव्हा तुझ्या मनात माझ्याकडे यायचं कुठं थोडंसं जरी असलं, तर दार तू उघड आणि त्याला तुझं नाव सांग. मी खोटा पडेन, पुढच्या खेपेला तो मला भर गल्लीत शिव्या घालेल, त्या मी आनंदानं ऐकेन. नसेल, तर तू आत थांब आणि शेजारच्या कौसल्येला दार उघडायला सांग. मी तेच धरून चाललो आहे. म्हातारीच्या कानावर काही पडायला नको, म्हणून आई झोपल्यात असं तिनं दारातूनच सांगावं. माणूस भला आहे, मुकाट्यानं परत जाईल. फक्त कौसल्येला म्हणावं, त्याला चहा विचारू नकोस. सुतकाच्या घरी तो घेणार नाही.

दुसरं काय लिहावं ते सुचत नाही म्हणून,
तुझाच,
गंगाधर